पानगळीतली कॉफी घरच्या घरी : मसाला पाकात मुरवावा, कपात भुरभुरू नये

मेपलछाया (मिशिगन)

ऑगस्ट सरत आला की उत्तर अमेरिकेतल्या कॉफीच्या दुकानांत पंपकिन स्पाइस लाटे (भोपळ्याच्या गोड पदार्थातला मसाला घातलेली दूध-कॉफी) सुरू होते आणि पाठोपाठ घरोघरी ती करून पाहण्याचे प्रयत्नही सुरू होतात. त्यांतले बहुतेक प्रयत्न एकाच ठिकाणी अडतात. गरम दूध-कॉफीत दालचिनीची पूड आणि डब्यातला भोपळ्याचा गर थेट ढवळला जातो. पूड आधी वर तरंगते, मग बुळबुळीत होऊन तळाशी बसते, गराचे तंतू घशाशी येतात आणि कप अर्धाच राहतो. हे पेय अवघड मुळीच नाही, पण त्याचा क्रम पाळावा लागतो. मसाला आधी पाण्यात उकळून त्याचा अर्क काढावा, त्या अर्काचा पाक करावा, भोपळा त्या पाकात शिजवावा आणि कॉफी व दूध सर्वांत शेवटी आणावे. या धाग्यात मला मुख्यतः हेच सविस्तर मांडायचे आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण तिचा कृतीशी थेट संबंध आहे. स्टारबक्सने हे पेय २००३ मध्ये व्हँकुव्हर आणि वॉशिंग्टन डी. सी. येथील दुकानांत चाचणीसाठी ठेवले आणि पुढच्या वर्षी ते सगळीकडे आणले. त्यात प्रत्यक्ष भोपळा मात्र २०१५ मध्ये आला. म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ लोक ज्या चवीला भोपळ्याची चव समजत होते, ती दालचिनी, आले, जायफळ आणि लवंग यांची होती. हा मसाला मुळात भोपळ्याच्या ‘पाय’चा, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थाचा. मॅकॉर्मिक कंपनीने तो १९३४ मध्ये तयार डबीत आणला. त्याच्याही कितीतरी आधी, १७९६ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या भोपळ्याच्या ‘पाय’च्या कृतीत जायपत्री, जायफळ आणि आले आहेच. तेव्हा चव मसाल्याची आणि अंगचा दाटपणा भोपळ्याचा, अशी कामाची वाटणी लक्षात ठेवली की प्रमाण आपोआप सुधारते. भोपळा वाढवून चव वाढत नाही.

पूड का चालत नाही, तेही पाहू. दालचिनी ही झाडाची साल आहे, त्यामुळे ती कितीही बारीक दळली तरी विरघळत नाही. तिच्यातला चिकट अंश गरम द्रवात फुगतो आणि त्याचेच ते बुळबुळीत धागे होतात. कांड्या मंद आचेवर उकळल्या की सुगंध पाण्यात उतरतो आणि चोथा गाळून टाकता येतो.

आता कृती. दीड कप पाण्यात बोटभर लांबीच्या दालचिनीच्या तीन कांड्या, पाच लवंगा आणि इंचभर आल्याच्या चकत्या घालून पंधरा-वीस मिनिटे मंद उकळावे. पाणी आटून साधारण एक कप उरले पाहिजे. ते गाळून घ्यावे आणि त्यात एक कप ब्राउन शुगर व चिमूटभर मीठ घालावे. साखर विरघळली की पाव कप भोपळ्याचा गर घालून रवीने किंवा व्हिस्कने एकजीव करावे आणि आणखी पाच मिनिटे शिजवावे. या पाच मिनिटांत गराचा कच्चट वास जातो. आच बंद केल्यावर पाव जायफळ बारीक किसणीवर किसून घालावे आणि लहान चमचाभर व्हॅनिला अर्क घालावा. जायफळ आधी घालून उकळत ठेवले तर त्याचा वरचा, हलका सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि मागे कडवटपणा उरतो. पाक अगदी गुळगुळीत हवा असेल तर बारीक गाळणीतून पुन्हा एकदा काढावा. एवढ्यात बारा-तेरा कपांचा पाक होतो.

एका मोठ्या कपासाठी दोन मोठे चमचे पाक तळाशी घ्यावा, त्यावर ६० मिली कडक कॉफी ओतून नीट ढवळावे आणि मग १५० ते १८० मिली गरम दूध घालावे. पाक आधी कॉफीत मिसळणे महत्त्वाचे आहे, कारण दुधाचा फेस एकदा वर आला की तळाचा पाक ढवळताना तो मोडतो.

कढीपत्ता (पुणे)

कृती फारच नेमकी दिली आहे, आभार. येथे डब्यातला गर आयात मालाच्या दुकानांत मिळतो, पण तो फार महाग पडतो आणि डबा उघडला की उरलेल्याचे काय करावे हा प्रश्न राहतो. मंडईतला तांबडा भोपळा चालेल का? आणि आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये ऊन तापलेले असते, तेव्हा हे पेय थंड करता येईल का?

मेपलछाया (मिशिगन)

तांबडा भोपळा चालेल असे नव्हे, तर तोच योग्य आहे. अमेरिकेतला डबाबंद भोपळा बहुतांशी इलिनॉय राज्यातल्या मॉर्टन गावाच्या आसपास पिकणाऱ्या डिकिन्सन जातीचा असतो. ही जात नारिंगी, गोल, हॅलोविनला कोरायच्या भोपळ्याची नव्हे. ती फिकट सालीची, लांबट असते आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्या तांबड्या भोपळ्याच्याच प्रजातीची आहे. उलट अमेरिकेतल्या वाचकांनी कोरण्यासाठी आणलेला भोपळा कॉफीसाठी वापरू नये. तो पाणचट आणि तंतुमय असतो, गोडीही बेताचीच असते.

फोड गर्द केशरी आणि वजनाला जड पाहून घ्यावी. बिया काढून, कापलेली बाजू खाली ठेवून २०० अंश सेल्सिअसला पाऊण ते एक तास भाजावी. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये पाणी न लागू देता वाफवावी. पुढची पायरी लोक गाळतात आणि तेथेच गर फसतो : कुस्करलेला गर मलमलच्या कापडात श्रीखंडाच्या चक्क्यासारखा टांगून तासभर निथळू द्यावा. निथळलेले पाणी पाकाच्या पाण्यात वापरता येते, म्हणजे गोडीही वाया जात नाही. उरलेला गर बर्फाच्या साच्यात घालून गोठवावा आणि लागेल तेवढ्या वड्या काढाव्यात.

घरच्या गराच्या बरण्या भरून त्या कपाटात साठवण्याचा विचार मात्र कोणी करू नये. भोपळ्यात आम्ल फार कमी असते आणि दाट गराच्या मध्यापर्यंत उष्णता पुरेशी पोचत नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाने घरी भोपळ्याचा गर बरणीबंद करण्याची पद्धत याच कारणाने दिलेली नाही. आपला पाकही फ्रीजमध्येच ठेवावा आणि आठवड्याभरात संपवावा.

थंड पेयासाठी हाच पाक गर न घालता करावा, कारण गार दुधात गराची कणी जिभेला लागते. कॉफी बर्फावर ओतायची असल्याने ती नेहमीपेक्षा कडक हवी.

राईनकाठ (जर्मनी)

जर्मनीत शरदात होक्काइडो भोपळा सर्वत्र मिळतो. त्याची साल शिजवल्यावर खाता येते, त्यामुळे सोलण्याचे कष्ट वाचतात, आणि त्याचा गर मुळातच कोरडा व चेस्टनटच्या चवीचा असल्याने टांगून ठेवण्याचीही गरज पडत नाही. मसाल्याबाबत एक भर घालतो. येथे लेबकुखेन या नाताळच्या मसालेदार केकसाठी जो मसाला मिळतो, त्यात दालचिनी आणि लवंगेबरोबर धने, वेलदोडा आणि ऑलस्पाइस असते, काही ठिकाणी बडीशेपेच्या जातीचे मसालेही. धन्यांमुळे कॉफीला संत्र्याच्या सालीसारखी हलकी बाजू येते. मेपलछाया यांच्या पाकात अर्धा चमचा अख्खे धने भाजून घातले तर ते मला फार आवडतात.

दालचिनीविषयी सावधगिरीची सूचना आवश्यक वाटते. बाजारात स्वस्त मिळणारी जाड, एकाच थराची कांडी ही बहुधा कॅसिया असते आणि तिच्यात कुमारिन नावाचे द्रव्य बऱ्याच प्रमाणात असते. ते रोज जास्त पोटात गेल्यास काही जणांच्या यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याची सहन होण्याजोगी दैनंदिन मात्रा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम अशी ठरवली आहे. अधूनमधून एखादा कप घेणाऱ्याने काळजी करण्याचे कारण नाही, परंतु रोज घेणाऱ्यांनी आणि मुलांसाठी दूध करणाऱ्यांनी श्रीलंकेची, पातळ पापुद्र्यांची गुंडाळी असलेली दालचिनी घ्यावी.

मेपलछाया (मिशिगन)

ही सूचना आल्याने बरे झाले. चवीतही फरक आहे. कॅसिया तिखट आणि गोड, श्रीलंकेची दालचिनी मऊ आणि फुलांच्या वासाची. कडक कॉफीत श्रीलंकेची थोडी मागे पडते, म्हणून ती वापरताना एक कांडी वाढवावी. ऑलस्पाइस हे नाव पाहून अनेकांना ते मसाल्यांचे मिश्रण वाटते. ती जमैकाकडच्या एका झाडाची वाळवलेली फळे आहेत. ती मिळाली तर तीन-चार दाणे घालून लवंगा दोनवर आणाव्यात. लवंग या मसाल्यात सर्वांत हट्टी आहे. एखादी जास्त झाली तरी बाकीच्यांचे काही चालू देत नाही.

दख्खनची_वाट (कोल्हापूर)

ब्राउन शुगर म्हणजे साखरेत पुन्हा मळी मिसळलेली. आमच्याकडे काकवी आणि गूळ उत्तम मिळत असताना ती कशाला आणावी, असे मला वाटते. काकवीला जी किंचित खरपूस, मातकट गोडी असते, ती कॉफीला फार शोभते. पण गुळाची कॉफी घरी केली की दूध फाटते. गुळाच्या चहालाही हाच अनुभव येतो. यावर उपाय असल्यास सांगावा.

मेपलछाया (मिशिगन)

काकवीबद्दल पूर्ण सहमत. माझ्या मते पानगळीच्या चवीशी तिचा सूर साखरेपेक्षा कितीतरी चांगला जुळतो.

दूध फाटण्याचा प्रश्न या ऋतूच्या जवळजवळ प्रत्येक पेयात येतो, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहिते. दुधातले केसीन हे प्रथिन आम्लता वाढली की गोळा होते आणि उष्णता त्याला आणखी घाई करते. कॉफी स्वतः आम्लधर्मी, गूळ व काकवीही थोडी आम्लधर्मी आणि त्यांत क्षारही असतात. हे तिन्ही एकत्र खळखळ उकळले की दूध तग धरत नाही. म्हणून काकवीचा पाक मसाल्याच्या अर्कात आधी शिजवून घ्यावा, तो कॉफीत मिसळावा, आणि दूध वेगळे तापवून, उकळी फुटण्याच्या बरेच आधी उतरवून, शेवटी बारीक धारेने ओतावे. दूध घातल्यावर भांडे पुन्हा आचेवर चढवू नये. गूळ वापरायचा असेल तर रासायनिक पावडर न घातलेला, गडद रंगाचा घ्यावा आणि पाक गाळावा.

आल्यानेही दूध फाटते, पण त्याचे कारण वेगळे आहे. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असते आणि तेच दूध फाडते. चीनच्या दक्षिण भागात तर या गुणाचा उपयोग करून आल्याच्या रसाने दूध थिजवून गोड पदार्थ करतात. उकळल्यावर ते विकर निकामी होते. आल्याचा रस कपात पिळू नका, चकत्या अर्कातच उकळा, असे मी म्हणते ते याचसाठी.

सफरचंदाचे पेय करणाऱ्यांनी तर दुधाचा नाद सोडावा. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये सफरचंदाचा न गाळलेला ताजा रस आटवून त्याची काकवीसारखी घट्ट आंबटगोड चाटणी करण्याची जुनी पद्धत आहे. एक लिटर रस मंद आचेवर पाव लिटरहून कमी होईपर्यंत आटवावा, शेवटी एक दालचिनीची कांडी टाकावी. कोऱ्या कॉफीच्या कपात याचा एक मोठा चमचा आणि संत्र्याच्या सालीची एक पट्टी पुरते. ज्यांना दूध चालत नाही त्यांच्यासाठी या ऋतूत याहून चांगले पेय मला तरी माहीत नाही.

वाफाळता_कप (टोरांटो)

सगळे वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे. चांगल्या कॉफीवर पाच मसाल्यांचा मारा करणे मला पटत नाही. इथिओपियाची हलकी भाजलेली कॉफी घेऊन तिच्यावर लवंगेचा पाक ओतला तर पैसे आणि कॉफी दोन्ही गेली. माझ्या घरी पानगळीत एकच पेय होते : कडक कॉफी, दूध आणि मेपल सिरप. जगातल्या मेपल सिरपपैकी सुमारे ७० टक्के सिरप कॅनडाच्या एकट्या क्वेबेक प्रांतात होते आणि मेपलच्या झाडाचा साधारण ४० लिटर रस आटवला तेव्हा त्याचे एक लिटर सिरप मिळते, तेव्हा ते झाकून टाकणारे काही त्यात घालू नये असे मला वाटते. सिरप घेताना फिकट सोनेरी रंगाचे घेऊ नका. ते कॉफीत हरवून जाते. ‘डार्क’ किंवा ‘व्हेरी डार्क’ असे लिहिलेली बाटली घ्यावी. एका कपाला एक मोठा चमचा सिरप आणि मिठाचे चार कण एवढेच पुरे.

मेपलछाया (मिशिगन)

हलक्या भाजणीच्या कॉफीबद्दल तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. तिची फळांसारखी आम्लता मसाल्याशी भांडते, शिवाय दूध फाटण्याची शक्यताही वाढते. मसाल्याच्या पाकासाठी मध्यम-गडद भाजलेली, कमी आम्लतेची कॉफी हवी. सुमात्राची चालते. आपल्याकडची मान्सून्ड मलबार तर यासाठी फारच योग्य आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात दाणे पसरून ठेवल्याने ते फुगतात, फिकट होतात आणि त्यांची आम्लता उतरते. अशा कॉफीवर मसाला घातल्याने तिचे नुकसान होत नाही. मेपलचा तुमचा कप मात्र जसा आहे तसाच उत्तम आहे आणि त्यात जायफळदेखील घालू नये, या मताची मी आहे.

निळे_आकाश (बंगळुरू)

एस्प्रेसोचे यंत्र बहुतेकांकडे नसते. आमच्याकडे स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर आहे आणि कॉफीत चिकोरी असते. त्या डिकॉक्शनवर हे होईल का? दूध फेसाळण्याचे काय करावे?

मेपलछाया (मिशिगन)

फिल्टरचे डिकॉक्शन या कामाला एस्प्रेसोपेक्षा सोपे आहे, कारण ते सावकाश उतरते आणि कडक असूनही आंबट लागत नाही. चिकोरी म्हणजे भाजलेले मूळच, आणि तिची कॅरॅमलसारखी, किंचित कडवट चव भोपळा-दालचिनीशी जुळते. ८०-२० मिश्रण (८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी) असेल तर पाकाचे प्रमाण तेच ठेवावे. ७०-३० असेल तर गोडी थोडी कमी करावी. मोका पॉट, म्हणजे आचेवर ठेवायचे दोन मजली कॉफीचे भांडेही उत्तम. त्याच्या खालच्या भांड्यात गरम पाणीच घालावे आणि वर कॉफी येताना फुरफुर आवाज सुरू झाला की लगेच उतरवावे, नाहीतर करपट चव मसाल्यातही लपत नाही.

दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवावे. थर्मामीटर नसेल तर भांड्याला बोट टेकवता येते पण तेथे ठेववत नाही, ती वेळ. ७० अंशांच्या पुढे दुधाला शिजल्याचा वास येऊ लागतो आणि त्याची नैसर्गिक गोडी झाकली जाते. फेसासाठी फ्रेंच प्रेसमध्ये (दट्ट्याच्या कॉफीच्या भांड्यात) एक तृतीयांश दूध भरून दट्ट्या वीस-पंचवीस वेळा वर-खाली करावा. झाकणाच्या बरणीत जोरात हलवले तरीही चालते. ओटचे दूध घेणाऱ्यांनी ‘बरिस्ता’ असे लिहिलेले घ्यावे. त्यात आम्लता आवरणारे क्षार घातलेले असतात, म्हणून ते कॉफीत फुटत नाही.

हिरवा_चाफा (मुंबई)

मला या सगळ्या चर्चेत आमच्या घरची कॉफी आठवते आहे. आजी दुधात कॉफी उकळायची आणि वरून जायफळ व वेलदोडा घालायची. लग्नाकार्यातही तशीच कॉफी असे. अमेरिकेतून जायफळाची कॉफी नव्याने आल्यासारखे लोक बोलतात तेव्हा मला राहवत नाही. कोजागरीचे मसाला दूधही शरदातलेच. दुधाचा तो तयार मसाला या कॉफीत घालता येईल का?

मेपलछाया (मिशिगन)

तुमच्या आजींची कॉफी या धाग्यात आलीच पाहिजे होती. जायफळ सहाणेवर उगाळून घालण्याची आपली रीत किसण्यापेक्षाही सरस आहे, कारण उगाळलेले जायफळ दुधात पूर्ण मिसळते आणि त्याची कणी उरत नाही. कोकणातले ताजे, जड जायफळ मिळत असेल तर हातात हलवून पाहावे. कवचात खुळखुळणारे वाळलेले असते आणि उगाळायला तेच बरे. प्रमाण मात्र चिमटीपुरतेच असावे, जास्त जायफळ बाधते.

कोजागरीच्या मसाल्यातले केशर कॉफीपुढे टिकत नाही. बदाम-पिस्त्याची भरड तळाशी बसते. म्हणून तयार मसाला घालण्याऐवजी वेलदोडा आणि जायफळ एवढेच घ्यावे, दुधात थोडी बदामाची पेस्ट उकळून गाळून घ्यावी, आणि गोडीला भोपळ्याचा पाक न वापरता साधी साखर ठेवावी. केशर दुधासाठीच राखावे.

सोनसळी (न्यू जर्सी)

यंदा दिवाळीच्या फराळाला घरी तीसेक माणसे येणार आहेत. बाहेर थंडी असते आणि चहाला पर्याय म्हणून ही कॉफी द्यावी असे मनात आहे. एवढ्यांसाठी सगळे एकत्र स्लो कुकरमध्ये ठेवले तर चालेल का?

मेपलछाया (मिशिगन)

दूध घालून एकत्र ठेवू नका. दोन तास गरम राहिलेल्या दुधावर साय धरते, त्याला शिजल्याचा वास येतो आणि काकवी असेल तर ते फाटेलही. लहान कप धरून माणशी ४० मिली कॉफी, १०० मिली दूध आणि २० मिली पाक लागेल. म्हणजे ३० जणांना १.२ लिटर कडक कॉफी, तीन लिटर दूध आणि वर दिलेल्या कृतीच्या दीडपट पाक. कॉफीसाठी २०० ग्रॅम भरड पूड आणि १.६ लिटर पाणी घ्यावे, बाकीचे पाणी चोथा पिऊन टाकतो.

पाक आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवावा. त्या दिवशी पाक गरम करून ताज्या कॉफीत मिसळावा आणि ते मिश्रण थर्मासमध्ये भरावे. दूध लिटर-लिटर करून, माणसे येतील तसे तापवावे. शेजारी बिनकॅफिनच्या कॉफीचा एक लहान थर्मास वेगळी खूण करून ठेवावा, कारण फराळ संध्याकाळी असतो आणि वडीलधाऱ्यांना रात्री झोप हवी असते. फराळ गोड असल्याने पाकात साखर पाऊणच घालावी. चकली आणि चिवड्याबरोबर ही कॉफी अधिक चांगली लागते. लहान मुलांसाठी पाक नुसत्या दुधात घालून द्यावा.